रोमची दुपार, रोमची रात्र, रोमची पहाट

११ जुलै १९९२च्या दुपारी रोममधल्या सांत आंद्रेआ देल्ला वाल्ले या चर्चमध्ये तुरुंगातून पळालेला एक कैदी धापा टाकत शिरला. आत कॅमेरे होते, समोर प्रेक्षक नव्हते. साथीचा वाद्यवृंदही तिथे नव्हता. तो काही किलोमीटर दूर, राई या इटालियन दूरचित्रवाणीच्या सभागृहात बसला होता, आणि त्याच्यापुढे छडी घेऊन उभे होते मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. गायकांना ते दिसत होते फक्त जागोजागी लपवून ठेवलेल्या मॉनिटरांवर. जे चाललं होतं ते थेट, त्याच क्षणी, शंभराहून अधिक देशांत दिसत होतं.

पुच्चिनीच्या ‘टॉस्का’चा हा प्रयोग. घरबसल्या पहिला ऑपेरा कोणता पाहावा, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला प्रस्तुत लेखिका गेली कित्येक वर्षं हेच नाव सांगत आली आहे. तिचा स्वतःचा आरंभ चुकीच्या टोकाने झाला होता. पहिली डीव्हीडी आणली ती उपशीर्षकांशिवायची. तीन तास भव्य कपड्यांतली माणसं का रडताहेत हे कळलंच नाही, आणि मग दोन वर्षं या वाटेला जाणं झालं नाही. ती दोन वर्षं इतर कुणाची वाया जाऊ नयेत, यासाठी हा लेखनप्रपंच.

इतिहास थोडक्यात सांगायचा तर असा: सोळावं शतक संपता संपता फ्लॉरेन्समधल्या काही विद्वान रसिकांनी प्राचीन ग्रीक नाटक गाऊन सादर होत असावं या समजुतीने प्रयोग सुरू केले. १६०७ साली मान्तुआत मॉन्तेवेर्दीचा ‘ऑर्फेओ’ झाला आणि १६३७ साली व्हेनिसमध्ये तिकीट काढून ऑपेरा पाहण्याचं पहिलं नाट्यगृह उघडलं. पुढे मोत्सार्ट, वेर्दी, वाग्नर, पुच्चिनी. एवढं नवख्याला पुरे.

आता ‘टॉस्का’. ही कथा ज्या जागी आणि ज्या वेळी घडते, त्याच जागी आणि त्याच वेळी ती चित्रित करायची, ही निर्माते आंद्रेआ आंदेरमान यांची कल्पना होती. पहिला अंक चर्चमध्ये, भर दुपारी. दुसरा अंक पलाझ्झो फार्नेझे या प्रासादात, रात्री. तिसरा कास्तेल सांत आंजेलो या किल्ल्याच्या गच्चीवर, दुसऱ्या दिवशी पहाटे. सकाळचा राग रात्री ऐकला की ज्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, अशा आपल्या कानांना हा हट्ट चटकन पटतो. प्रहर आणि सूर यांचं नातं आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

गोष्ट जून १८००मधली. कावारादोस्सी हा चित्रकार पळालेल्या राजकीय कैद्याला आसरा देतो. त्याची प्रेयसी टॉस्का ही नामवंत गायिका, आणि पोलिसप्रमुख स्कार्पियाचा तिच्यावर डोळा. पहिल्या अंकात बातमी येते की मारेंगोच्या लढाईत नेपोलियन हरला. चर्चमध्ये आभाराची प्रार्थना सुरू होते. दुसऱ्या अंकात कळतं की बातमी खोटी होती, जिंकला नेपोलियनच. युरोपचा सगळा इतिहास तीन माणसांच्या गळ्याभोवती आवळत जातो.

पहिल्या अंकाचा शेवट तर पुन्हा पुन्हा पाहावा असा. घंटा, तोफा, ऑर्गन, समूहाची प्रार्थना, आणि त्या सगळ्यावर स्कार्पियाचा स्वर. देवासमोर उभा राहून तो मनात एकाला फाशी आणि एकीचा उपभोग योजतो आहे. रुजेरो राईमोंदी यांनी हा स्कार्पिया आरडाओरडा न करता उभा केला आहे. कॅमेरा चेहऱ्याच्या इतका जवळ असताना पापणी किती हलवायची याचं त्यांना अचूक भान आहे. नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेतून हे कधीच दिसणार नाही. घरच्या पडद्याचा हा खरा लाभ.

कॅमेऱ्यामागे होते ‘अपोकॅलिप्स नाऊ’ आणि ‘द लास्ट एम्परर’साठी ऑस्कर मिळवलेले छायालेखक विट्टोरियो स्टोरारो. दुसऱ्या अंकात कॅथरिन मालफितानो यांची टॉस्का देवाला विचारते की मी कुणाचं वाईट केलं नाही, मग माझ्याच वाट्याला हे का. तिथे स्टोरारोंनी अंधाराचा वापर एखाद्या वाद्यासारखा केला आहे. त्यानंतर स्कार्पियाचा खून, आणि मग ती दोन मेणबत्त्या त्याच्या देहाशेजारी ठेवते, छातीवर क्रूस ठेवते. एक शब्दही गायला जात नाही, फक्त वाद्यं वाजतात. अभिनेत्री सारा बर्नहार्टने मूळ फ्रेंच नाटकात केलेली ही कृती, आणि पुच्चिनीने ते नाटक तिला पाहूनच निवडलं होतं.

तिसऱ्या अंकाच्या आरंभी रोम जागं होतं. दूरवर मेंढपाळाचा पोर गातो, आणि मग एकेका चर्चच्या घंटा, कुठली जवळची, कुठली लांबची. या घंटा पुच्चिनीने कल्पनेने लिहिलेल्या नाहीत. तो रोमला जाऊन त्या किल्ल्यावरून ऐकून आला होता, आणि सेंट पीटर्सच्या मोठ्या घंटेचा नेमका स्वर कोणता, हे त्याने एका ओळखीच्या धर्मगुरूकडून विचारून घेतलं होतं. प्रस्तुत लेखिका या किल्ल्यावर गेली तेव्हा दुपार होती, पर्यटकांची गर्दी होती. तरीही कठड्याशी उभं राहून घुमटाकडे पाहताना त्या सगळ्या घंटा कानात जशाच्या तशा वाजल्या. त्याच दिवशी तिने सांत आंद्रेआ चर्चमध्ये जाऊन ऑपेरात उल्लेख असलेलं अत्तावान्ती घराण्याचं देवघर शोधलं. ते प्रत्यक्षात अस्तित्वातच नाही. ती जागा नाटकातली आहे.

मरणाच्या वाटेवरचा कावारादोस्सी तारे आठवत गातो, त्या पदासाठी प्लासिदो दोमिंगो यांना ऐकावं. आदल्या रात्री गायलेला हा गळा पहाटे पुन्हा उभा राहिला आहे, हे लक्षात ठेवून ऐकावं.

मेहता पुढेही अशा प्रयोगांत रमले. १९९८ साली बेजिंगच्या निषिद्ध नगरीत झांग यिमोंच्या दिग्दर्शनाखाली ‘तुरान्दोत’, २०००मध्ये पॅरिसमध्ये ‘ला ट्राव्हिआता’, २०१०मध्ये मान्तुआत ‘रिगोलेत्तो’. १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन करणाऱ्या मेहली मेहतांच्या या मुलाने ऑपेरा नाट्यगृहाबाहेर काढून दिवाणखान्यात आणला, याचा मुंबईकराला अभिमान वाटायलाच हवा. ‘तुरान्दोत’ डोळे दिपवणारा आहे, पण तो दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला.

घरात मुलं असतील तर मात्र पहिला मान इंगमार बर्गमन यांच्या १९७५च्या ‘जादूई बासरी’ला. मोत्सार्टच्या या ऑपेरात गाण्यांच्या मध्ये बोलते संवाद आहेत, त्यामुळे संगीत नाटकांवर वाढलेल्या माणसाला तो परका वाटत नाही. स्वीडनच्या ड्रॉटनिंगहोम राजवाड्यातलं जुनं नाट्यगृह स्टुडिओत हुबेहूब उभारून तो चित्रित झाला. सुरुवातीच्या वादनात प्रेक्षकांचे चेहरे दिसतात, आणि त्यातल्या एका छोट्या मुलीकडे कॅमेरा पुन्हा पुन्हा वळतो. मध्यंतरात रंगपटात डोकावायला मिळतं. गाणी स्वीडिश भाषेत आहेत म्हणून शुद्धतावादी नाक मुरडतात. मुरडू द्यावं.

फ्रान्चेस्को रोझी यांचा १९८४चा ‘कार्मेन’ आंदालुसियाच्या उन्हात घडतो. धूळ, बैलांची झुंज, ज्युलिया मिगेनेस यांची बेफिकीर कार्मेन. ‘ला ट्राव्हिआता’साठी २००५चा साल्झबर्गचा प्रयोग घ्यावा. रंगमंच जवळजवळ रिकामा, पांढरी वळणदार भिंत, एक प्रचंड घड्याळ आणि लाल पोशाखातल्या ॲना नेत्रेब्को. जोसेफ लोझी यांचा ‘दोन जोव्हान्नी’ देखणा असूनही पहिल्यांदा नको. वाग्नरची चार रात्रींची, सुमारे पंधरा तासांची ‘रिंग’ मालिका तर मुळीच नको.

गायिका मारिया कालास पाहायची आहे? तिचा संपूर्ण ऑपेरा कुणी चित्रित केलाच नाही. १९६४चा, लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधला ‘टॉस्का’चा दुसरा अंक मात्र कृष्णधवल स्वरूपात उरला आहे, समोर तितो गोब्बींचा स्कार्पिया. तो पाहिल्याशिवाय राहू नये.

पाहण्याआधी कथा वाचून घ्यावी. ‘सौभद्र’मध्ये सुभद्रा कुणाला मिळणार हे ठाऊक असूनही पिढ्यान्‌पिढ्या माणसं जागली, तसंच इथेही. उपशीर्षकं इंग्रजी चालतील, पण हवीतच. आवाज टीव्हीच्या स्पीकरमधून नको, निदान बरा हेडफोन लावावा. ऑपेराव्हिजनच्या यूट्यूब वाहिनीवर युरोपातले ताजे प्रयोग विनामूल्य पाहता येतात, मेट्रोपॉलिटन ऑपेराचा मोठा संग्रह वर्गणी भरून.

आणि या दिवाळीत एक करून पाहावं. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी भर दुपारी ‘टॉस्का’चा पहिला अंक लावावा, पाऊण तासाचा आहे. रात्री जेवणं आटोपल्यावर दुसरा. मग गजर लावून झोपावं. पहाटे अभ्यंगस्नान उरकलं, पणत्या लागल्या, की फराळाच्या आधी तिसरा अंक सुरू करावा. तो अर्ध्या तासात संपतो.