कपाटातलं क्रेडिट कार्ड आणि उशिरा येणारी फेलोशिप

आजच्या लेखाचा प्रयोगशाळेशी थेट संबंध नाही, महिनाअखेरीशी आहे. पण पीएचडीला लागण्याआधी हे कुणीतरी सांगायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं.

यूजीसीची जेआरएफ २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. कागदावर ठीक. प्रत्यक्षात ती कधीकधी दोन-तीन महिने अडकते आणि मग एकदम जमा होते. घाटकोपरच्या खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे मात्र थांबत नाहीत. म्हणून अनेक जण एखादं क्रेडिट कार्ड अडीनडीला असू दे म्हणून काढून ठेवतात. मीही ठेवलं होतं, ६०,००० रुपये लिमिटचं. मोह नको म्हणून कपाटात. सव्वा वर्षाने फेलोशिप अडकली, कॉन्फरन्सची नोंदणी भरायला कार्ड काढलं, तर ते बंद! बँकेने कळवलं होतं. तो मेल मी जाहिरात समजून सोडून दिला होता.

यात बँकेने नियम मोडला नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कार्ड एक वर्षाहून जास्त काळ वापरलं नाही, तर बँकेने ग्राहकाला कळवून ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करायची असते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही आणि थकबाकी नसेल, तर कार्ड बंद. लिमिट कमी करणं त्याहून सोपं आहे. ते बँक स्वतःच्या धोरणाने ठरवते, तुम्हाला फक्त कळवावं लागतं. बँकेच्या बाजूनं पाहा: पडून असलेल्या लिमिटमधून तिला कमाई शून्य, आणि ग्राहक अडचणीत आला की तो नेमकी तीच लिमिट एका दिवसात वापरून टाकू शकतो.

आता जरा गणित. क्रेडिट स्कोअर काढताना तुम्ही एकूण लिमिटपैकी किती टक्के वापरता, हेही बघतात. समजा तुमच्याकडे २०,००० आणि ६०,००० लिमिटची दोन कार्डं आहेत आणि महिन्याचा खर्च १६,००० आहे. एकूण लिमिट ८०,०००, म्हणजे वापर २० टक्के. मोठं कार्ड बंद झालं की तोच खर्च २०,००० पैकी १६,०००, म्हणजे ८० टक्के. अंश तोच राहिला, छेद घटला. तुम्ही एक रुपयाही जास्त खर्च केला नाही, तरी कागदावर कर्जावर जगणारे दिसायला लागता. ३० टक्क्यांच्या आत राहावं, असा साधारण आडाखा आहे.

मग करायचं काय?

दर दोन-तीन महिन्यांनी त्या कार्डावर एखादा असा खर्च करा, जो तुम्ही एरवीही करणारच आहात. मोबाइलचं रिचार्ज, लोकलचा पास, एखादं पुस्तक. रुपे कार्ड असेल तर ते यूपीआय ॲपला जोडून वाण्याच्या क्यूआर कोडवरही चालतं. मित्राला पैसे पाठवायला मात्र नाही. बिलाची पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप कापली जाईल अशी सोय करा, 'किमान रक्कम' नव्हे. उरलेल्या रकमेवर बऱ्याच कार्डांचं व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या पुढे जातं. कार्डावर एटीएममधून रोख काढू नका. तिथे पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. बँकेचे मेल वेगळ्या फोल्डरमध्ये जातील असं बघा. सिबिलसारख्या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो मागवून लिमिट बरोबर दिसते का ते तपासा.

एवढं करूनही लिमिट कधीच कापली जाणार नाही, याची हमी नाही. आणि प्रत्येक कार्ड जगवलंच पाहिजे असंही नाही. वार्षिक फी घेणारं, उपयोग नसलेलं कार्ड स्वतःहून बंद करा. थकबाकी नसताना अर्ज केल्यावर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद केलं नाही, तर तिला दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. बिनफीचं, जुनं एखादं कार्ड मात्र सांभाळा.

शेवटी एक सांगते. कार्ड म्हणजे बचत नाही, उसनवारी आहे. थकलेली फेलोशिप जमा होईल तेव्हा आधी दोन महिन्यांचं भाडं बाजूला काढा. ते पैसे वापरले नाहीत म्हणून कुणी बंद करत नाही.