बारदान वजा जाता

पोतं काट्यावर चढलं की माझी नजर आधी बारदानाकडे जायची. पन्नास किलो भरतीच्या तागाच्या रिकाम्या पोत्याचं वजन साधारण 580 ग्रॅम. काटा 50 किलो दाखवतो तेव्हा आत धान्य असतं 49 किलो 420 ग्रॅम. एका पोत्यात हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. शंभर पोत्यांत तो 58 किलो होतो. माणशी दरमहा 5 किलोच्या हिशेबानं हा अकरा माणसांचा महिन्याचा शिधा. पुरवठा शाखेत रुजू झालो तेव्हा माझ्या वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘आधी बारदान वजा कर, मग आकडा बोल.’

नोकरीत मी दोन शब्दांमध्ये उभा राहिलो: नियतन आणि उचल. नियतन म्हणजे दुकानाला कागदावर मंजूर झालेलं धान्य आणि उचल म्हणजे गोदामातून प्रत्यक्ष बाहेर पडलेलं. एका महिन्यात ट्रक वेळेवर मिळाले नाहीत आणि आमच्या एका दुकानाची उचल अर्धीच झाली. कार्डं सगळी खरी, नावं सगळी बरोबर, भावफलकही लावलेला. दुपारी चारला धान्य संपलं तेव्हा रांगेत एक बाई उरली होती. तिनं हातातली पिशवी माझ्यासमोर उलटी करून झटकली, नीट घडी घातली आणि काही न बोलता निघून गेली. कमी पडलेलं धान्य सगळ्यांच्या वाट्याला सारखं कमी येत नाही, ते रांगेच्या शेवटच्या माणसाच्या वाट्याला येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

निवृत्तीनंतर वाचनाच्या ओघात मी इराणच्या बूशहर बंदराच्या दफ्तरापाशी पोहोचलो. ईस्ट इंडिया कंपनीनं तिथं 1763 मध्ये वखार उघडली. पुढे इराणी आखाताची ब्रिटिश रेसिडेन्सी तिथंच बसली, आणि 1873 पर्यंत तिचा कारभार मुंबई सरकारकडे होता. 1856 च्या डिसेंबरात बूशहर जिंकणारी फौजही मुंबईहूनच गेली होती. त्या रेसिडेन्सीचे कागद आज कतार डिजिटल लायब्ररीत घरबसल्या वाचता येतात. दुसऱ्या महायुद्धातल्या गहू, तांदूळ, साखर, चहा आणि कापडाच्या पत्रव्यवहारात शिरलो, आणि मला आपल्याच शाखेत परत आल्यासारखं वाटलं.

एका नमुन्यावर मी बराच वेळ थांबलो. हिंदुस्थान सरकारचं ‘एक्सप्रेस लेटर’. त्याच्या माथ्यावर छापील सूचना असते: हा संदेश टपालानं येतो आहे, कारण तारेपेक्षा तो स्वस्त पडतो, पण मिळताच त्याला तारेइतकंच तातडीचं समजावं. खाली टंकलेला मजकूर, कडेला एकाखाली एक आद्याक्षरं आणि तारखा. प्रत्येक आद्याक्षर म्हणजे एक टेबल, आणि दोन तारखांमधलं अंतर म्हणजे तो कागद त्या टेबलावर पडून राहिलेले दिवस. नोकरीभर मी फायली अशाच वाचल्या. मजकुरापेक्षा कडेच्या तारखा जास्त सांगतात. गावात पीठ किती दिवसांचं उरलंय हे मजकुरात असतं, आणि उत्तर यायला किती दिवस लागले हे कडेला.

25 ऑगस्ट 1941 ला ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा इराणमध्ये शिरल्या. 16 सप्टेंबरला रझा शाहनं गादी सोडली. आखातातून रशियाला युद्धसामग्री पोहोचवायला देशाची रेल्वे, रस्ते आणि लॉऱ्या जुंपल्या गेल्या. जानेवारी 1942 च्या त्रिपक्षीय करारात, युद्धाच्या झळांपासून इराणी जनतेचं आर्थिक जीवन जपण्याचा शक्य तो प्रयत्न करू, असं दोस्त राष्ट्रांनी लिहून दिलं. पण ज्या लॉरीनं गहू गावात यायचा, तीच आता दुसरा माल घेऊन उत्तरेला चालली होती. 8 मार्च 1942 ला रंगून पडलं आणि ब्रह्मदेशच्या तांदळाची वाटही बंद झाली.

बूशहरसारख्या गावाला हा फटका दुहेरी होता. बंदर उथळ, मोठी जहाजं लांब समुद्रात नांगरायची आणि माल होड्यांतून काठाला आणावा लागायचा. वायव्येचा शमाल वारा सुटला की तेही अवघड. गावामागच्या पट्ट्यात खजूर आणि पावसावरचा थोडा गहू-जव. रेल्वे नाही. शिराझकडे जाणारा रस्ता डोंगरांतून चढतो. तिथं घाटाला कोतल म्हणतात. एका कोतलाचं नाव पीरज़न, म्हणजे म्हातारी, दुसऱ्याचं दुख्तर, म्हणजे मुलगी. त्या वर्षांत टोळ्यांच्या मुलखातून जाणाऱ्या या वाटेचा भरवसा नव्हता. गोदाम एका टोकाला, गाव दुसऱ्या टोकाला आणि मधल्या वाटेवर हुकूम भलत्याचाच, ही अडचण मी ओळखतो.

गावचा कारभार कागदोपत्री स्पष्ट होता. वर फरमानदार, नगरपालिकेला शहरदारी, पैशाला दाराई म्हणजे अर्थखातं. साखर आणि चहा 1925 पासून सरकारी मक्तेदारीत, त्यामुळे त्यांचं वाटप सरकारच्या हातात. साठेबाजीविरुद्ध 1942 मध्ये कायदा झाला. जमीनदारांकडून धान्य सरकारनं घ्यायचं ठरलं. पण लॉऱ्या सैन्याकडे आणि युनायटेड किंगडम कमर्शियल कॉर्पोरेशन या ब्रिटिश सरकारी कंपनीकडे, आयातीची मंजुरी कैरोतल्या मिडल ईस्ट सप्लाय सेंटरच्या विचारानं, आणि हिंदुस्थानातून येणाऱ्या मालाचा कोटा दिल्लीच्या हातात. लोक मात्र गाऱ्हाणं घेऊन फरमानदाराच्याच दारात येणार. ज्याच्या हातात यादी होती त्याच्या हातात वाहन नव्हतं.

यादी करणंही सोपं नव्हतं. ओळखीचा कागद म्हणजे शेनासनामे, जन्मनोंदीची पुस्तिका. तिची सक्ती होऊन तेव्हा जेमतेम दोन दशकं होत होती. फिरत्या टोळीतल्या माणसाला, कामाच्या शोधात बंदरावर आलेल्या हमालाला कुठल्या यादीत घालायचं? मयताचं नाव कधी कमी करायचं? मीही दारोदार फिरून नावं कमी केली आहेत. म्हातारा वारलाय हे सांगताना घरच्यांचा आवाज खाली येतो, कारण त्याच्या नावासोबत पाच किलो धान्यही जाणार असतं. त्याला मी कधी लबाडी म्हटलं नाही.

एक फरक मला मोलाचा वाटला. आपण धान्य घरी नेतो, निवडतो, दळून आणतो. इराणी शहरातला माणूस रोज तयार रोटी विकत घेतो. त्यामुळे तिथं खरं नियंत्रण कार्डावर नाही, भट्टीवर बसतं: कुठल्या नानवाल्याला किती पीठ, त्यातून किती रोट्या, कुठल्या भावानं. गहू कमी पडला की पिठात जव आणि इतर भरड धान्य मिसळलं जातं. तेहरानच्या ‘सीलो’च्या, म्हणजे धान्यकोठाराच्या, काळ्या रोटीची आठवण लोकांनी पुढे कितीतरी वर्षं काढली. वजन पुरं भरलं तरी पोटात काय गेलं हे काटा सांगत नाही.

मापांचाही घोळ असतो. तबरीझचा मण जवळपास 3 किलोचा, आपला जुना मण 37 किलोंच्या वर. शंभर तबरीझी मणांचा एक खरवार. इराणनं मेट्रिक माप आधीच स्वीकारलं होतं, तरी बाजाराची जीभ मणावरच होती, आणि ब्रिटिश कागद टनांत बोलायचे. तारखाही दोन: इंग्रजी कागदावर 1942, इराणी कागदावर 1321. पत्र वाचताना मी पेन्सिलीनं एकच माप करून घेतो. तराजू, अंबार, कारकून, दफ्तर, नमुना हे आपले रोजचे शब्द फारसीतूनच आलेले. काम एक, शब्द एक, पण मण म्हटल्यावर किती, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

धान्यपुरवठ्याबद्दल इराण, ब्रिटन आणि अमेरिकेचा करार 4 डिसेंबर 1942 ला झाला. 8 डिसेंबरला तेहरानमध्ये रोटीसाठी दंगल उसळली आणि पंतप्रधान कवाम यांचं घर जाळलं गेलं. पुढच्या जानेवारीत अमेरिकन अर्थप्रशासक आर्थर मिल्सपॉ आले, त्यांना मोठे अधिकार मिळाले. मला मात्र मधले चार दिवस दिसतात. करार म्हणजे नियतन. त्या चार दिवसांत उचल झाली नव्हती आणि भट्टीसमोरच्या माणसाला कराराची प्रत खाता येत नव्हती. त्याच काळात इकडेही हेच चाललं होतं. मुंबईत 2 मे 1943 ला रेशनिंग सुरू झालं. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं भुकेनं मेली.

नव्यानं रुजू होणारी मुलं कधी भेटायला येतात. आता काटा इलेक्ट्रॉनिक आहे, अंगठा यंत्रावर ठेवतात. मी त्यांना बूशहरची गोष्ट सांगतो, कारण ती लांबची आहे आणि त्यात कुणाची बाजू घ्यावी लागत नाही. मग एक कोरा कागद देतो. मंजूर किती, लिही. त्यातून वाटेत अडकलेलं वजा कर, सांडलेलं वजा कर, बारदान वजा कर. जे उरलं त्याला माणसांनी भाग, आणि माणसं मोजताना रांगेच्या शेवटापासून सुरुवात कर. आकडा आला की तो मोठ्यानं वाच. कमी आला असेल तर आजच वर कळव, तारीख घाल आणि कडेला तुझी सही कर.