शंका आणि पुरावा

कामवारी नदीला पूर आला, की भिवंडीच्या सखल वस्त्यांत पाणी शिरते आणि वाद सुरू होतो. कोणी म्हणतो, "हवामान बदलले." दुसरा विचारतो, "पूर्वी पूर येत नव्हते काय?"

ही शंका रास्त आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्यास मात्र सुमारे ७३ मिलिमीटरच. एका ठिकाणच्या एका दिवसावरून हवामानाचा निर्णय देता येत नाही. त्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी पडताळाव्या लागतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तसे केले. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचे त्यांना आढळले. एकूण मोसमी पाऊस मात्र घटला होता.

असे का व्हावे? कोळसा व तेल जाळल्याने पृथ्वी तापते. हवा एका अंशाने तापली, की तिची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. साहजिकच पाऊस कोसळतो तेव्हा अधिक जोराने कोसळतो.

शंका ही ज्ञानाची पहिली पायरी होय. परंतु समोर आलेला पुरावा न तपासताच नाकारणे, ही शंका नव्हे. तो हट्ट होय.