मधल्या मैदानातली जत्रा

साधारण साठ-सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या इंडियानापोलिस 500 या मोटारशर्यतीची सुरुवात प्रेक्षकांपुरती आदल्या रात्रीच व्हायची. सोळाव्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागे. लोक टपावर झोपत, रस्त्याकडेला मांस भाजत. पहाटे इशाऱ्याचा बार उडाला की फाटकं उघडत आणि मधल्या मैदानातली मोक्याची जागा धरायला सगळे गाड्या पिटाळत. ही शर्यत खऱ्या शर्यतीच्या कितीतरी तास आधी संपलेली असे.

अडीच मैलांच्या लंबगोल ट्रॅकच्या पोटात एवढी मोकळी जागा आहे, की गोल्फ कोर्सचा काही भाग आजही तिथेच आहे. 1911 पासून त्या गवतावर जत्रा भरत आली. नीट दिसावं म्हणून लोक स्वतःच मचाण बांधत. 1960 साली असंच एक मचाण शर्यत सुरू होता होताच कोसळलं. मचाणवाल्याने पैसे घेऊन माणसं वर चढवली होती. दोघं दगावले, कितीतरी जखमी झाले. तेव्हापासून घरगुती मचाणं बंद झाली. तिथल्या गर्दीचा इतिहास लिहायचा, तर तो मला या मचाणापासूनच सुरू करावासा वाटतो. लोकांनी स्वतःच्या हाताने उभी केलेली एक गोष्ट त्या दिवशी कायमची गेली आणि ती जायलाच हवी होती.

पुढच्या दशकात पहिल्या वळणाच्या आतला तुकडा ‘स्नेक पिट’ म्हणून कुप्रसिद्ध झाला. दारू, चिखलात लोळणं, भर दुपारी अंगावरचे कपडे उतरवणं, पोलिसांची धरपकड. ट्रॅकवर काय चाललंय याचा अनेकांना पत्ता नसे. त्या दिवसांच्या आठवणी हौसेने सांगितल्या जातात. पण त्याच मैदानावर 1971 पर्यंत बाईमाणसाला शर्यतीच्या गाड्यांच्या पिट आणि गॅरेजमध्ये पाऊल टाकायची बंदी होती. पहिली महिला चालक, जॅनेट गथ्री, 1977 मध्ये शर्यतीत उतरली. पहिला कृष्णवर्णीय चालक, विली टी. रिब्स, यायला 1991 उजाडलं. त्या मोकळेपणात सगळ्यांना वाटा नव्हता.

मग व्यवस्थापनाने बंदोबस्त वाढवला, स्टँड बांधले, आणि 2000 सालच्या फॉर्म्युला वनसाठी मैदानाच्या पोटातून नवा वळणावळणाचा ट्रॅक काढला. जुना स्नेक पिट विरला. आज तेच नाव तिसऱ्या वळणापाशी लागतं. तिथे वेगळं तिकीट काढून, अठराच्या पुढची तरुण मंडळी डीजेच्या तालावर नाचतात. दंगा आता कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला असतो. मला हे खटकतं. पण लेकरांना घेऊन येणाऱ्या आईला विचाराल, तर ती याचंच स्वागत करील.

शहरात राहिलेल्यांची तऱ्हा निराळी. तिकिटं खपावीत म्हणून इंडियानापोलिसमध्ये शर्यत टीव्हीवर थेट दाखवत नसत. त्यामुळे घरोघरी अंगणात रेडिओ लागायचा. शंभरावी शर्यत, 2016 ची, पूर्ण विकली गेली तेव्हा त्या वर्षापुरती ही बंदी उठली. 2020 मध्ये महामारीमुळे स्टँड रिकामेच राहिले. पुढच्या वर्षी 1,35,000 लोकांनाच परवानगी मिळाली, आणि तरीही तो आकडा तेव्हा जगभरातल्या महामारीकाळातल्या क्रीडास्पर्धांमधला सर्वांत मोठ्या गर्दीचा होता. 2025 मध्ये स्टँडची सगळी तिकिटं पुन्हा संपली.

पिढ्यान् पिढ्या त्याच रांगेतल्या त्याच खुर्च्या राखणारी घराणी तिथे आहेत. आजही तिथे घरून कूलर भरून आणता येतो. आजोबांनी गवतावर उघडलेला कूलर आता नातू पायांपाशी, खुर्चीखाली ठेवतो.