हे खरे आहे काय?

विधानसभेत तारांकित प्रश्न विचारण्याची भाषा ठरलेली आहे. प्रश्नाचा पहिला भाग ‘हे खरे आहे काय’ या शब्दांनी संपतो. दुसरा ‘असल्यास’ने सुरू होऊन चौकशी केली काय, कारवाई कोणती केली, हे विचारतो. शेवटच्या भागाचे शब्दही वर्षानुवर्षे तेच आहेत : ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ सरकारी तिजोरीतला पैसा आणि मजुराच्या घामाचा दाम, या दोन्हींबद्दल सरकारला जाब विचारण्याचे विरोधी पक्षाचे पहिले हत्यार म्हणजे हा तीन-चार ओळींचा कागद.

उदाहरणादाखल वर्धा जिल्ह्यातले जाम घेता येईल. समुद्रपूर तालुक्यातले हे गाव हिंगणघाटहून नागपूरला जाणाऱ्या महामार्गावर आहे. वरोऱ्याकडून, म्हणजे चंद्रपूरहून येणारा रस्ता इथल्याच चौरस्त्यावर मिळतो. नागपूर इथून साधारण ७० किलोमीटर. १९५३च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला भरते, आणि डिसेंबरात ते सुरू झाले की अंगणवाडी सेविका, आशा, कंत्राटी कामगार मोर्च्यासाठी निघतात. चंद्रपूर आणि हिंगणघाटकडची माणसे जामवरूनच पुढे जातात. मोर्चा मात्र सभागृहाच्या अलीकडे अडवला जातो. आत त्यांचे म्हणणे जाते ते निवेदनातून, आणि एखाद्या आमदाराने प्रश्न मांडला तर त्या प्रश्नातून.

समजा, समुद्रपूर तालुक्यात रोजगार हमीच्या कामावरच्या मजुरांची मजुरी थकली आहे. तर प्रश्न असा लिहिला जाईल : ‘तालुक्यातील मजुरांची मजुरी प्रलंबित असल्याचे माहे ऑक्टोबरमध्ये वा त्या दरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय?’ मंत्र्याच्या खात्याकडून छापील उत्तर येते. ते बहुतेक वेळा ‘होय’, ‘हे खरे नाही’ किंवा ‘अंशतः खरे आहे’ यांपैकी एक असते. पहिले उत्तर नकारार्थी आले की खालच्या सगळ्या भागांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे छापून येते. इथेच प्रश्न विचारणाऱ्याची तयारी कळते. गावाचे नाव, कामाचा प्रकार, हजेरीपटाचा महिना एवढे प्रश्नात असले तर खात्याला खाली तालुक्यापर्यंत विचारणा करावीच लागते. ‘राज्यात अनेक ठिकाणी’ अशी सुरुवात असली तर मोघम उत्तराने काम भागते. मग सभागृहात पूरक प्रश्न विचारायला हातात काही उरत नाही.

थकलेल्या मजुरीचा हिशेब एकदा जवळून बघितला पाहिजे. २००५च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने मजुरी १५ दिवसांत देण्याचे बंधन घातले. उशीर झाल्यास थकीत रकमेवर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई ठरली. महाराष्ट्रात २०२४-२५ साली मजुरीचा दर २९७ रुपये होता. सहा दिवसांची मजुरी १,७८२ रुपये. त्यावर एका दिवसाच्या उशिराची भरपाई ८९ पैसे. त्या दराने महिनाभर पैसे रखडले तरी मजुराला पुरते २७ रुपयेही मिळत नसत, आणि तेवढ्या महिन्यात किराणा दुकानातली उधारी कितीतरी वर चढलेली असे. असा आकडा सभागृहात मोठ्याने वाचला गेला पाहिजे.

या योजनेचे मूळ महाराष्ट्रातच आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. १९७२च्या दुष्काळात लाखो लोक खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर गेले, तेव्हा शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट आणि लाल निशाण हे विरोधातले पक्ष कामाच्या आणि मजुरीच्या मागणीसाठी रस्त्यावर होते. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. पैशाची सोयही कायद्यातच केली होती. व्यवसाय कर व इतर काही करांतून जमेल तेवढीच रक्कम राज्याने आपल्याकडून घालायची. खर्च आणि हक्क एकाच कायद्यात बांधले गेले, म्हणून विरोधकांना दोन्हींचा जाब एकदमच विचारता आला.

त्याही आधीचा दाखला १९३८चा आहे. मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. संपावर बंधने घालणाऱ्या या विधेयकाला स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विधानसभेत कडाडून विरोध केला. संप करणे हा कामगाराच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, अशी त्यांची भूमिका होती. ७ नोव्हेंबरला मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यात त्यांच्याबरोबर कम्युनिस्टही उतरले. विधेयक मंजूर झाले. तरी संपाच्या हक्काचा तो युक्तिवाद कामगार चळवळीत आजही जिवंत आहे.

खर्चाचा जाब विचारण्याचे मार्ग वेगळे आहेत. अर्थसंकल्पातल्या प्रत्येक खात्याच्या मागणीवर कपात सूचना देता येते. एखादे धोरणच मान्य नसेल तर ती मागणी एक रुपयापर्यंत खाली आणावी, असे सुचवता येते. वर्षाच्या मध्येच जादा पैसे लागले तर पुरवणी मागण्या येतात. जुलै २०२४मध्ये त्या ९४ हजार ८८९ कोटींच्या होत्या, आणि त्यातले २५ हजार कोटी एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी होते. ज्या वर्षाचा अर्थसंकल्प नुकताच मांडला, त्याच वर्षासाठी लगेच एवढी रक्कम का लागली, हे विचारणे विरोधी पक्षाचे कामच आहे. चर्चेचा वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेशिवाय मताला टाकल्या जातात. गोंधळात तास वाया गेले की तोटा प्रश्न विचारणाऱ्यांचाच होतो.

खर्च झाल्यानंतर महालेखापरीक्षकांचा अहवाल येतो आणि तो लोकलेखा समितीपुढे जातो. लोकसभेत या समितीचे अध्यक्षपद विरोधकांकडे देण्याची प्रथा १९६७पासून आहे. पहिले विरोधी अध्यक्ष मुंबईचे मिनू मसानी होते. समितीपुढे सचिवांना स्वतः येऊन साक्ष द्यावी लागते. कॅमेरे नसतात, त्यामुळे कागद उलटून बघायला वेळ मिळतो.

सरकारचाच कागद विरोधकांच्या किती कामी येतो, हे २०१२ साली दिसले. राज्याच्या आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून दहा वर्षांत सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च होऊनही सिंचित क्षेत्र जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचे चित्र पुढे आले. विधानसभेत एकनाथ खडसे आणि परिषदेत विनोद तावडे विरोधी पक्षनेते होते. सप्टेंबरात उपमुख्यमंत्री अजित पवारांनी राजीनामा दिला आणि नोव्हेंबरात सरकारने सिंचनावर श्वेतपत्रिका काढली. आकड्यांवर वाद झाला, डिसेंबरात पवार पुन्हा मंत्रिमंडळात आले, पुढे चौकश्या झाल्या. पण सिंचनाचा हिशेब लोकांपुढे मांडणे सरकारला भाग पडले. सप्टेंबर २०२३मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरती करण्याचा शासन निर्णय निघाला. विरोधी पक्ष आणि बेरोजगार तरुणांनी त्याला विरोध केला, आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला.

नोव्हेंबर २०२४च्या निवडणुकीनंतर विधानसभेतल्या २८८ जागांपैकी एक दशांशही जागा कोणत्याच विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत, आणि त्यावरून विरोधी पक्षनेतेपदाचा वाद उभा राहिला. पद नसले तरी प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा हे आमदाराचे हक्क तसेच राहतात. मंत्री सभागृहात ‘माहिती घेऊन कार्यवाही करू’ म्हणतो, तेव्हा ते आश्वासन म्हणून नोंदले जाते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. जामच्या मजुराला थकलेली मजुरी मिळाली की नाही, हे पुढच्या अधिवेशनात त्याच नोंदीवर बोट ठेवून पुन्हा विचारता येते.