प्रभू उठना

अहिराणीत ‘तो उठला’ म्हणायचं तर ‘तो उठना’ म्हणतात. पहाटे खाटेवरून उठलेल्या बापासाठी हाच शब्द, तापातून सावरून उठून बसलेल्या पोरासाठीही हाच. आणि ईस्टरची सगळी बातमी खान्देशी बोलीत सांगायची, तर तीही एवढ्यातच मावते: प्रभू उठना.

‘पुनरुत्थान’ ऐकलं की हे काहीतरी पंडितांचं काम वाटतं. पण नवा करार ज्या ग्रीकमध्ये लिहिला गेला, तिथे येशूच्या उठण्यासाठी पुन्हा पुन्हा येणारं क्रियापद आहे ‘एगेइरो’: उठवणे, जागं करणे. घरातलंच क्रियापद! मार्कच्या शुभवर्तमानात वादळात शिष्य नावेत झोपलेल्या येशूला उठवतात, तेव्हा हेच. तापाने पडलेल्या पेत्राच्या सासूला येशू हात धरून उठवतो आणि ती लगेच पाहुण्यांच्या सरबराईला लागते, तिथेही हेच. याईराच्या बारा वर्षांच्या मेलेल्या मुलीला तो ऊठ म्हणतो, ती चालू लागते, आणि सगळे थक्क झालेले असताना तो सांगतो काय, तर हिला काहीतरी खायला द्या.

हे एकदा दिसलं की किती गोष्टी उलगडतात! ग्रीक ख्रिस्ती लोकांनी दफनभूमीला ‘कोइमेतेरिओन’ म्हटलं, म्हणजे झोपायची जागा. मराठी ख्रिस्ती माणूसही गेलेल्याबद्दल ‘प्रभूमध्ये झोपी गेला’ म्हणतो. ईस्टरची उपासना कित्येक मंडळ्या पहाटे का करतात, तेही यातूनच कळतं. मग्दालिया मरीया कबरेकडे गेली तेव्हा अजून अंधार होता. स्वीडिश मिशनऱ्यांनी जिथे काम केलं ते धुळे असो, 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेलं नवापूर असो, की रेल्वेचं भुसावळ, एप्रिलमध्ये इथे ऊन चढलं की अंग भाजतं. पहाट हाच काय तो गारवा.

कुणी म्हणेल, मरून पुन्हा जगणं खान्देशाला नवं नाही, केळी बघा. केळ एकदाच निसवते, घड उतरला की झाडाचं काम संपलं. पण बुंध्याशी पील आलेलं असतं आणि त्यावर पीलबाग उभी राहते. दृष्टांत सुंदर आहे, पण मला तो अपुरा वाटतो. पील म्हणजे आई नव्हे. आई गेलीच. ईस्टरचं म्हणणं याहून फार धाडसाचं आहे: जो मेला तोच उठला. थोमाला त्याने हातांवरचे खिळ्यांचे वण दाखवले. देह नवा, वण जुनेच! आयुष्यात ज्याला मार बसला आहे, त्याच्यासाठी या गोष्टीत याहून मोठा दिलासा मला दिसत नाही. झालेलं पुसलं जात नाही, आणि तरी माणूस उठतो.

पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायात म्हणूनच पेरणीकडे वळतो. तो दाण्याबद्दल बोलतो. आपण सरकी धरू. मातीत टाकतो ती काळी, टणक सरकी. वर येतं ते हिरवं झाड, पुढे त्यावर पांढरीशुभ्र बोंडं. दोन्हींत काही साम्य तरी दिसतं का? आणि तरी ते त्याच सरकीचं.

उठल्यावर येशूने केलं काय? योहान सांगतो, शिष्य तिबिर्याच्या सरोवरावर रात्रभर जाळं टाकून रिकामेच राहिले. उजाडताना काठावरून कुणीतरी म्हणालं, उजवीकडे टाका. जाळ्यात 153 मोठे मासे आले. कुणीतरी ते मोजले, आणि तो आकडा दोन हजार वर्षं टिकला. ते काठाला लागले तेव्हा कोळशाचा विस्तव पेटलेला होता, त्यावर मासळी होती, शेजारी भाकर. मरणातून उठून आलेल्याने रात्रपाळी करून थकलेल्या माणसांसाठी न्याहारी मांडली होती. ‘या, जेवा’ म्हणाला, आणि तू कोण हे विचारायचं कुणाला धाडस झालं नाही.