लेखांक सातवा : चौदावी तिथी आणि रविवार

मागील लेखांकात लेवीय ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायातील सणांचा क्रम आपण पाहिला. वल्हांडणापासून मांडवांच्या सणापर्यंत हे सर्व दिवस तेथे पिढ्यानपिढ्या पाळावयाचा निरंतरचा विधी म्हणून सांगितलेले असता, तोच ग्रंथ पवित्र मानणाऱ्या ख्रिस्ती धर्माने ते का सोडून दिले, असा प्रश्न वाचकांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे.

परंतु सोडून दिले, हे म्हणणेच मुळात अपुरे आहे. प्रेषितांच्या कृत्यांत पाहावे तो पौल बेखमीर भाकरीचे दिवस संपल्यावर फिलिप्पैहून तारवात बसतो, आणि पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमेत पोहोचावे म्हणून वाटेत इफिसास थांबणेही टाळतो. आणि हाच पौल गलतीकरांना दिवस, महिने व ऋतू पाळण्याबद्दल बोल लावतो, तर कलस्सैकरांच्या पत्रात सण व शब्बाथ ही पुढे येणाऱ्या गोष्टींची छाया ठरतात. यात विसंगती दिसते ती वरवरची आहे. यहुदी कुळात जन्मलेल्याने वाडवडिलांचा आचार राखण्यास पौलाची हरकत नव्हती; तो आचार परराष्ट्रीयांवर तारणाची अट म्हणून लादण्यास होती. इ. स. 49 च्या सुमारास यरुशलेमेत भरलेल्या सभेने परराष्ट्रीयांसाठी जी चार पथ्ये ठरवली, त्यांत सण पाळण्याचा हुकूम नाही, आणि (हे सहसा कोणी लक्षात घेत नाही) ते पाळण्यास मनाईही नाही. पुढे इ. स. 70 मध्ये मंदिरच उद्ध्वस्त झाले, तेव्हा त्या सणांतील यज्ञयागाचा भाग यहुद्यांनाही अशक्य झाला.

खरा तंटा माजला तो वल्हांडणाच्या तिथीवरून. आजच्या तुर्कस्थानाच्या पश्चिम भागातील मंडळ्या निसान महिन्याच्या चौदाव्या तिथीलाच, मग वार कोणताही असो, प्रभूच्या मरणाचे स्मरण करून उपवास सोडीत. रोमची मंडळी मात्र पुनरुत्थानाच्या रविवारावाचून दुसरा दिवस मानीत नसे. इ. स. 155 च्या सुमारास स्मुर्णेचा वयोवृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला आला. त्याने योहानाचा दाखला दिला, रोमच्या अनिसेटसने आपल्या पूर्वसूरींचा दिला. कोणीच हटले नाही, तरीही अनिसेटसने प्रभुभोजनाचा विधी चालवण्याचा मान आपल्याच मंडळीत पाहुण्याला दिला आणि दोघे सलोख्याने निरोप घेते झाले. मला तर हा प्रसंग साऱ्या वादात सर्वाधिक ख्रिस्ती वाटतो. पुढल्या पिढीत, इ. स. 190 च्या सुमारास, रोमच्या व्हिक्टरने आशियातील मंडळ्यांना बहिष्कृत करू पाहिले, तेव्हा इफिसाच्या पॉलिक्रेटिसने बाणेदार उत्तर धाडले, आणि लियोंच्या इरेनियसने, स्वतः रविवार पाळत असूनही, व्हिक्टरला पूर्वजांच्या त्या सलोख्याचे स्मरण देऊन कानउघाडणी केली.

इ. स. 325 च्या निसेया परिषदेने मात्र हा प्रश्न एकरूपतेच्या बाजूने निकालात काढला. तिच्या 20 नियमांत त्याचे कलम नाही. तो निर्णय परिषदेच्या आणि सम्राट कॉन्स्टंटाइनच्या पत्रांतून कळतो. सम्राटाच्या पत्रात नियमशास्त्र ख्रिस्तात पूर्ण झाले, या पौलाच्या युक्तिवादावर भर नाही. यहुद्यांच्या मागे जाणे ख्रिस्ती लोकांना शोभत नाही, हा त्याचा सूर आहे. जे प्रेषितांनी ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपवले होते, ते येथे राज्यकारभाराची सोय आणि परकेपणाची भावना यांच्या ताब्यात गेले, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते.

तरीही फर्मानाने आचार थांबला नाही. निसेयानंतर 60 वर्षे उलटून गेल्यावर, इ. स. 386 मध्ये, अंत्युखियातील ख्रिस्ती लोक शरद ऋतूतील यहुदी सणांना सभास्थानांत जातात म्हणून योहान क्रिसोस्तोम याला प्रवचनांमागून प्रवचने द्यावी लागली. शब्बाथाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा असल्याने तो पुढील लेखांकात स्वतंत्रपणे घेऊ. तोवर वाचकांनी रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय वाचून ठेवावा.